उसनं आढं

बामणोलीहून लाँच सुटली की
पुढं तोंड करून बसायचं नाही, ही आमच्या घरातली रीत.
पाण्याखाली जुनं गाव आहे म्हणून नव्हे.
पलीकडच्या काठावर रान उभं असतं,
आणि ते आलेल्यांची डोकी मोजतं.

आजोबांनी, बयाजी उतेकरांनी,
देवराईतला एक ऐन तोडला.
तोडला म्हणू नये. आई म्हणते, उसना आणला.
धरणाचं पाणी चढत होतं,
वरच्या अंगाला नवं घर बांधायचं होतं, आढं नव्हतं.
वाघजाईपुढं नारळ ठेवून म्हणाले,
"पोरांची डोकी झाकू दे. सवडीनं परत करीन."

रानानं सवड धरली सात वर्षांची.
कारवी फुलायला लागतात तेवढी.

पहिल्या बहराला अख्खा उतार जांभळा झाला
आणि चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या आढ्याला
एक हिरवा कोंब आला.
त्याच कातरवेळी अनशीचुलती गाय बघायला गेली.
गाय आली.

दुसऱ्या बहराला सखोबाचुलता.
तिसऱ्याला आमचा गंग्या, नऊ वर्षांचा,
पायात नवी चप्पल होती.

गंग्या मात्र आठव्या दिवशी परतला.
धो धो पावसातून आला, अंगावरचा सदरा कोरडा.
आईनं काही विचारलं नाही,
नाचणीची भाकरी वाढली, कडेला चिमूटभर मीठ.
भाकरी त्यानं खाल्ली.
मिठाभोवतीनं बोट फिरवलं,
जसं पाणी दगडाभोवतीनं जातं.
सकाळी अंथरुणात ओला पाचोळा होता,
त्याच्या उंचीएवढा.

यंदा चौथा बहर.
मी साताऱ्याला सिव्हिलमध्ये एक्स-रे काढते,
रजा टाकून आले.
कौलं उतरवली. वासे सोडवले.
आढं खाली घेतलं तेव्हा ते कोमट लागलं,
ताप उतरत असलेल्या माणसासारखं.
पुढं बाबा आणि हैबती,
मागं सोपान आणि मी.
आई उंबऱ्यात. वर उघडं आभाळ,
आणि घर असं दिसत होतं
जणू कुणी त्याचं झाकण काढून आत वाकून बघतंय.

अठ्ठावीस वर्षांनीही बुंधा ओला होता.
आढं त्यावर टेकवलं.
लाकडाला लाकूड लागलं
आणि कुणीतरी आवंढा गिळल्यासारखा आवाज आला, एकदाच.
कारवीवरच्या माश्या गप्प झाल्या.
बाबांनी हात जोडले. "फिटलं," म्हणाले.
मग पुन्हा, जरा हळू: "फिटलं ना?"

उतरताना पायवाट एका माणसाची.
पुढं बाबांचं मुंडासं, मागं बॅटरीचा उजेड.
खांद्यावर काही नाही, तरी सगळे वाकून चाललेले.
मी सवयीनं पावलं मोजली.
रोज बरगड्या मोजणारी बाई मी, माझी मोजणी चुकत नाही.
पहिल्या वळणावर चार.
ओढ्याशी पाच.

मागं वळून बघितलं, पुढं बघितलं.
चेहरे सगळे घरचेच.
नावं सगळ्यांची तोंडपाठ.
कुणाच्याही बाबतीत
"हा कोण?" असं वाटेना.
हैबती खोकला, तसाच, लहानपणापासूनचा.
सोपान म्हणाला, "चला लवकर, आई वाट बघत असंल."
आणखी कुणीतरी म्हणालं, "व्हय."
तो आवाजही आमचाच होता.

आईनं दारातूनच आमच्यावर नजर फिरवली,
डावीकडून उजवीकडं, मग उजवीकडून डावीकडं.
आत गेली. पाच ताटं मांडली.
भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा फोडून.
बिनआढ्याच्या घरात चांदणं थेट ताटात पडत होतं
आणि रानाचा वास मधासारखा गोड येत होता.

मी मिठाच्या बरणीकडं हात नेला.
आईनं बरणी उचलली,
पदरानं पुसली,
आणि फडताळात सगळ्यात वर, माझा हात पुरणार नाही अशी ठेवली.

"जेवा," म्हणाली. "आज सगळ्यांनी अळणीच जेवा."